कप्तान सदोबाची बुडायची हौस

पाणबुडी बुडायला लागली की आत बसलेले सगळ्यात आधी काय करतात, सांगा पाहू?

नाही, ओरडत नाहीत. पळतही नाहीत, कारण पळायला आत जागाच नसते. ते सगळे मिळून डावीकडे झुकतात. मग सगळे मिळून उजवीकडे झुकतात. मग तांबडा दिवा लागतो, एक नळी फुटते आणि कप्तान चाक फिरवतो.

हे तुम्हाला ठाऊक नसेल तर तुम्ही पाणबुडीचे मारामारीचे चित्रपट पाहिलेले नाहीत. काही हरकत नाही, बाळांनो. गोष्ट ऐका म्हणजे कळेल.

एका जंगलात समुद्र नव्हता.

तसा तो कुठल्याच जंगलात नसतो. पण या जंगलातल्या प्राण्यांनी तो पाहिलासुद्धा नव्हता. समुद्राचं पाणी खारट असतं हे त्यांना समजावून सांगावं लागे, आणि समजलं तरी पटत नसे. एवढं पाणी आणि पिता येत नाही, मग ठेवलंय कशाला, असं गवे विचारत.

तरीही या जंगलात पाणबुडीच्या चित्रपटाशिवाय दुसरं काही चालत नसे. मोराच्या नाचाचा एक चित्रपट आला होता. तो मोरानेच दोनदा पाहिला.

पाणबुडीचे चित्रपट काढायची गोदाक्का तरस. सहलीला आलेले कोणी लोक एक चित्रीकरणाचं यंत्र विसरून गेले होते. ते कसं चालतं हे फक्त माकडांना ठाऊक होतं आणि माकडं ते कोणाला सांगत नसत. तुम्हीही विचारू नका.

गोदाक्काकडे हौस पुष्कळ होती, सामान मुळीच नव्हतं. बाहेरून दिसणारी पाणबुडी म्हणजे एक दुधी भोपळा होता. तो पाण्यात घातला की वर यायचा, म्हणून एक बेडूक त्याला खालून धरून ठेवायचा. शत्रूची पाणबुडी पडवळाची असायची. त्यामुळे ती नेहमी वाकडी यायची आणि सगळ्यांना लगेच कळायचं की हा शत्रू आहे. दोघींनी एकमेकींवर शेवग्याच्या शेंगा सोडायच्या. चित्रीकरण संपलं की दोन्ही देशांच्या पाणबुड्या रानडुकरं खाऊन टाकत.

पाणबुडीचं आतलं सगळं मात्र एका पोकळ ओंडक्यात व्हायचं. डोहाच्या काठावर, उतारावर एक भलंमोठं जुनं झाड आडवं पडलेलं होतं. त्याच्या आत अस्वल उभं राहील एवढी पोकळी होती. पळसाचं फूल काजव्यांपुढे धरलं की तांबडा दिवा लागे. फुटलेल्या नळीचं पाणी पुतळाबाई हत्तीण एका भोकातून सोंडेने उडवी. मधलं पोलादी दार म्हणजे सहलीवाल्यांचीच राहिलेली एक परात होती.

आता ओंडका हलायला हवा. नाहीतर पाणबुडी कसली? पण तो हलवायला वेगळे प्राणी ठेवणं गोदाक्काला जमण्यासारखं नव्हतं. मग तिने एक युक्ती काढली. ओंडक्याला एक जाड वेल बांधली आणि तिचं दुसरं टोक काठावर जमलेल्या प्रेक्षकांच्या हातात दिलं. कप्तान आतून म्हणाला, "उजवीकडे झुका," की सगळा काठ उजवीकडे, म्हणजे चढाकडे झुकायचा. वेल ताणली जायची. कप्तान म्हणाला, "डावीकडे," की सगळा काठ उताराकडे झुकायचा. वेल सैल पडायची. ओंडका डुलायचा.

असे ते चित्रपट होते. 'खोल पाण्यातला सूड' झाला, मग 'त्याहून खोल', मग 'आता तर फारच खोल'. वनखात्याच्या चौकीच्या पांढऱ्या भिंतीवर दिवेलागणीला ते दाखवत. तेव्हा वेल नसायची, तरी बघणारे झुकायचेच. रानडुक्कर आणि सांबर एरवी एकमेकांशी बोलत नसत, पण उजवीकडे झुकताना डुक्कर सांबराच्या अंगावर रेलायचं आणि सांबर काही म्हणायचं नाही. भोपळ्याखाली बेडकाचा पाय दिसला की सगळे एकमेकांना कोपराने ढोसून म्हणायचे, "तो बघ, पाय." ज्या चित्रपटात पाय दिसला नाही, तो लोकांना आवडला नाही.

"इतकं काय आहे गं त्यात?" असं एकदा एका साळुंकीने चितळीणबाईंना विचारलं.

चितळीणबाई म्हणाल्या, "आमच्या कळपात कोणी कोणाचं ऐकत नाही बाई. मी म्हणते नदीवर, तर सासूबाई म्हणतात टेकडीवर. तिथे कसं, कप्तान एकदा डावीकडे म्हणाला की सगळे डावीकडे. मला तेवढ्यानेच बरं वाटतं."

या जंगलात फक्त एकाने समुद्र पाहिला होता. ते म्हणजे पंत. पंत बगळा होते. ते बरीच वर्षं किनाऱ्यावर राहून आले होते आणि त्यांनी खरी पाणबुडीही पाहिली होती.

"कशी असते, पंत?" सगळ्यांनी सुरुवातीला हौसेने विचारलं होतं.

"पाण्यावर एक काळी पाठ दिसली," पंत म्हणाले. "मग दिसेनाशी झाली."

"मग?"

"मग काही नाही. एवढंच."

तेव्हापासून पंतांना कोणी काही विचारत नसे. पण पंत न विचारता सांगत. पुढच्या रांगेत ते मान उंच करून उभे राहत आणि दर थोड्या वेळाने म्हणत, "असं नसतं." भोपळा आला की म्हणत, "असं नसतं." परात बंद झाली की म्हणत, "असं तर मुळीच नसतं." मागून ओरडा व्हायचा, "पंत, मान खाली." पंत मान खाली घेत आणि खालच्या खाली म्हणत, "नसतं."

मात्र पंतांनी एकही चित्रपट चुकवला नव्हता.

आता कप्तानाविषयी सांगते. कप्तान होता सदोबा अस्वल. पहिल्या चित्रपटापासून तोच कप्तान. त्याचा आवाज खर्जातला आणि थोडा फाटका होता, त्यामुळे तो "डावीकडे" म्हणाला की उजवीकडे जायची कोणाची हिंमत होत नसे. आणि कप्तान कधी मरत नसे. मरायची ती वेणू. वेणू खवल्या मांजर होती. शेवटी पाणी आत घुसायचं, दार बंद करावं लागायचं, आणि वेणू नेमकी दाराच्या पलीकडे राहायची. "कप्तानसाहेब, दार लावा. माझा विचार करू नका," असं ती म्हणायची. मग अख्खं जंगल रडायचं. गवेसुद्धा. दुसऱ्या दिवशी वेणू वारुळापाशी मुंग्या खाताना दिसली की येणारे-जाणारे तिला म्हणायचे, "किती गं सोसलंस."

सदोबाला असं कोणी काही म्हणत नसे.

तो एकदा गोदाक्काकडे गेला.

"अक्का, या खेपेला दाराच्या पलीकडे मी राहतो."

गोदाक्का हसली. तिला हसू आलं होतं असं नाही. तरसांचा आवाजच तसा असतो. "मग कप्तान कोण?"

"मीच. कप्तान पलीकडे राहतो. मरतो."

"सदोबा, कप्तान मरत नसतो. कप्तान मेला तर डावीकडे कोण म्हणणार?"

सदोबा जरा वेळ जमीन उकरत बसला. मग म्हणाला, "गेल्या थंडीत मी तापाने फणफणलो होतो. गुहेतून उठवत नव्हतं. बाहेर कोण कोण जाताना ऐकू यायचं. कोणी आत डोकावलं नाही. बरा होऊन आलो तर म्हणाले, हे आले कप्तान. तुम्हाला काय होणार म्हणा!"

गोदाक्काने हातातली शेवग्याची शेंग खाली ठेवली.

"वेणूसाठी रडतात तसं माझ्यासाठी एकदा रडू दे," सदोबा म्हणाला. "एकदाच. पुढच्या चित्रपटात मी पुन्हा जिवंत होतो. तुझं काही अडणार नाही."

"वेगळा खर्च होणार नसेल तर मर," गोदाक्का म्हणाली.

वेणूला हे कळलं तेव्हा तिला फार वाईट वाटलं. "सदूकाका, मग मी काय करू?"

"तू दाराच्या अलीकडे राहा आणि रड."

"अलीकडे काय करतात ते मला माहीतच नाही. मी नेहमी पलीकडेच असते."

"सोपं आहे. मी म्हणेन, दार लाव. तू म्हण, नाही लावणार. मग लाव."

ठरल्या दिवशी सगळं जंगल काठावर जमलं. कप्तान मरणार ही बातमी फुटली होती, पण ती कोणालाच खरी वाटत नव्हती. प्राण्यांनी वेल हातात घेतली. ज्यांना हात नव्हते त्यांनी तोंडात घेतली.

ओंडका घसरू नये म्हणून त्याच्याखाली दगड लावलेले असत. सदोबा आला आणि एकेक दगड काढून बाजूला टाकू लागला.

"हे काय करतोस?" पंतांनी विचारलं.

"शेवटचा प्रसंग आहे, पंत. नेहमीपेक्षा जास्त हलायला हवं."

"खाली डोह आहे. दगड काढू नकोस."

"समुद्रात दगड लावतात का पाणबुडीला?"

पंत खरं बोलणारे होते. "नाही लावत," ते म्हणाले.

"मग झालं तर," सदोबा म्हणाला आणि आत गेला.

तो परातीच्या पलीकडे, डोहाकडच्या बाजूला उभा राहिला. वेणू अलीकडे, चढाकडच्या बाजूला. माकडांनी यंत्र लावलं. पळसाचं फूल काजव्यांपुढे आलं.

"उजवीकडे झुका," सदोबा आतून म्हणाला. काठ उजवीकडे झुकला.

"डावीकडे." काठ डावीकडे झुकला. वेल सैल पडली. दगड नव्हतेच. ओंडका करकरला, आडवा-तिडवा घसरला आणि खालच्या तोंडाने सरळ डोहात शिरला.

वेल हातातून सरसरत गेली आणि ताठ झाली. मग कोणीतरी म्हणालं, "वा."

"अक्कानं खर्च केला यंदा," रानडुक्कर म्हणालं.

गोदाक्का धावत काठावर आली. "थांबा, ते खरंच पडलेत," असं ती ओरडली. पण भीतीने तिचा आवाज चढला आणि तरसाचा आवाज चढला की तो खो-खो हसण्यासारखा होतो. तिला हसताना पाहून सगळे खूश झाले. स्वतः अक्काला आवडलंय म्हणजे चित्रपट चांगला झाला असणार.

आत काय झालं, तेही ऐका. ओंडक्याचं खालचं तोंड डोहाच्या चिखलात रुतलं आणि फटींतून पाणी आत येऊ लागलं. वरचं तोंड अजून बाहेर होतं. पण घाबरलं की खवल्या मांजर काय करतं? अंगाचा गोळा करतं. वेणूने गोळा केला आणि ती वरच्या तोंडात बुचासारखी बसली.

"पाणी फार छान आलंय आज," सदोबा परातीमागून म्हणाला. "पुतळाबाईंना सांग, शाबास."

"सदूकाका, पुतळाबाई काठावर आहेत," वेणू गोळ्यातून म्हणाली.

सदोबाने पाण्यात पंजा घालून पाहिला. पुतळाबाईंच्या सोंडेतलं पाणी नेहमी कोमट असायचं. हे गार होतं.

"वेणू, तू बाहेर पड."

"गोळा सुटत नाही, काका. तुम्ही परात काढून या. मला ढकला."

"परात काढली तर पाणी आधी तुझ्यावर येईल. गोळ्यातलं तुझं नाक खाली आहे."

"म्हणून काय तुम्ही तिथेच राहणार?"

सदोबाने परातीला पाठ लावली. आजवर तो अशी पाठ लावायचा तेव्हा त्याला कोणी ढकलत नसे. आज पाणी ढकलत होतं. ते त्याच्या कमरेपर्यंत आलं, मग छातीपर्यंत. चित्रपटात अशा वेळी म्हणायचं एक वाक्य होतं. ते त्याने बरेच दिवस पाठ केलं होतं. आता ते त्याला काही केल्या आठवेना.

"डावीकडे झुका," तो सवयीने एवढंच म्हणाला.

बाहेर काठाने ते ऐकलं आणि काठ डावीकडे झुकला. वेल सैल पडली. ओंडका आणखी खाली गेला.

पंतांनी हे पाहिलं. ते उडाले आणि सगळ्यांच्या समोर जाऊन उभे राहिले.

"हे खरं आहे. सदोबा खरंच बुडतोय. वेल ओढा."

"पंत, मान खाली," मागून आवाज आला.

"अरे, मान काय घेऊन बसलात? आत दोघं आहेत."

"कळलं, कळलं. असं नसतं, हेच ना?" सांबर म्हणालं.

"असं असतं," पंत म्हणाले. "या वेळी असंच असतं."

सगळे हसले. पंतांना पहिल्यांदाच चित्रपट पटला होता. चितळीणबाई मायेने म्हणाल्या, "रडताहेत बघा पंत. नाही म्हणता म्हणता किती गुंतलेत."

पंत खरोखर रडत होते. लांब चोचीवरून पाणी ओघळून टोकाला थेंब जमत होता. ते एकाकडून दुसऱ्याकडे गेले. बुडण्याबद्दल त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांनी सांगितलं. पाणी फुप्फुसात गेलं की काय होतं, ते सांगितलं. "किती बोलतात हो," गवे म्हणाले. ओंडक्याचं वरचं तोंड आता पाण्याला टेकत आलं होतं.

तेव्हा पंतांनी मान सरळ वर केली. बगळ्याचा आवाज तुम्ही ऐकला आहे का? तो काही गोड नसतो. खर्जातला आणि फाटका असतो.

"उजवीकडे झुका," पंत म्हणाले.

अख्खा काठ उजवीकडे झुकला. गवे, सांबरं, डुकरं, पुतळाबाई, सगळे. वेल ताणली गेली आणि ओंडका चिखलातून सुटून वर सरकला.

आणि लगेच सगळे आपणहून डावीकडे झुकायला लागले.

"उजवीकडे," पंत म्हणाले.

"उजवं झालं. आता डावं असतं," रानडुक्कर म्हणालं. "आम्ही काय पहिल्यांदा बघतोय का?"

पंत आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. त्यांना ते जड गेलं. त्यांनी एकदा डोहाकडे पाहिलं.

"डावीकडे शत्रू आहे," ते म्हणाले.

"पडवळ?" सगळ्यांनी एका श्वासात विचारलं.

"पडवळ. भलंमोठं. इकडेच येतंय."

"केवढं?"

"डोहाएवढं," पंत म्हणाले. "आणि त्याच्या खाली बेडकाचा पाय दिसतोय."

मग काय विचारता? सगळं जंगल उजवीकडे झुकलं ते झुकतच गेलं. पुतळाबाई तोल जाऊन चढावर बसल्या, त्यांच्यावर गवे पडले, गव्यांवर सांबरं, आणि वेल मात्र कोणी सोडली नाही. ओंडका पाण्यातून बाहेर आला, घासत घासत काठावर चढला आणि उलटा झाला. आधी वेणूचा गोळा गडगडत बाहेर पडला. मग परात पडली. मग पुष्कळ पाणी आलं, आणि शेवटी सदोबा.

तो पालथा पडून राहिला. सगळे जवळ आले.

सदोबा खोकला. उठून बसला.

"मेला नाही," डुक्कर म्हणालं. "म्हटलं नव्हतं?"

"कप्तान मरतो होय," चितळीणबाई म्हणाल्या. "चला, घरी पोरं वाट बघत असतील."

सगळे अंगावरची धूळ झटकत, एकमेकांना झुकून दाखवत घरी गेले. असा चित्रपट झाला नाही, हे सगळ्यांचं मत पडलं. पडवळ दाखवलं नाही, हेही मत पडलं.

मागे चौघंच राहिली.

सदोबाने अंगातलं पाणी पिळलं. "कोण कोण रडलं?" त्याने विचारलं.

"वेळ कुठे होता?" गोदाक्का म्हणाली. "झुकत होते सगळे. मी रडत होते, पण माझं कोणाला कळत नाही."

"वेणू, तू?"

"मला रडायचं होतं, काका. खरंच. पण गोळा झाल्यावर नाक पोटात जातं. रडता येत नाही." वेणूने मान खाली घातली. मग म्हणाली, "पंत रडले म्हणतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

सदोबाने पंतांकडे पाहिलं.

"असं काही नसतं," पंत म्हणाले. "पाणी उडालं होतं." आणि ते आपल्या झाडाकडे उडून गेले.

तात्पर्य: बुडणाऱ्याबद्दल खरं सांगितलं तर कोणी जागचं हलत नाही. पडवळ येतंय म्हटलं की जंगल हलतं. म्हणून बाळांनो, खूप शिका, दूरदूरचे समुद्र पाहून या, आणि परत आल्यावर त्यातलं काही सांगायचा मोह आवरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदोबा पंतांच्या झाडाखाली जाऊन बसला, आणि आपण बुडत असताना पंत कसे कसे रडले, ते त्याने त्यांच्याकडून पहिल्यापासून ऐकून घेतलं.